जकातीची तहकुबी आणि जकातीची माफी

(लेखक : एक सेवानिवृत्त महसुली कारकून, कळसाडी)

सन २०२५ च्या श्रावणाच्या अखेरीस, कपाशीला पातीं-फुलें धरण्याच्या दिवसांत, परदेशी कापसावरील आयात जकात सरकारनें उठविल्याची बातमी आमच्या कळसाडीस येऊन पोहोंचली. त्या संध्याकाळीं पारावर जी मंडळी जमली होती तींत दुसरा विषयच नव्हता. एक तरुण शेतकरी मला म्हणाला, "नाना, गिरणीवाल्यांचीं तीं मुक्त क्षेत्रें होतींच, आतां सगळा देशच मुक्त क्षेत्र झाला म्हणावयाचा!" मंडळी हंसली; परंतु हीं मुक्त क्षेत्रें म्हणजे काय, असें कोणीं विचारलें तेव्हां प्रत्येकाचें उत्तर निराळें. कोणी म्हणे, तेथें व्यापाऱ्यांस जकात माफ असते. कोणी म्हणे, तेथून परदेशी माल गुपचूप बाजारांत येतो. कोणी म्हणे, शेतकऱ्यांच्या जमिनी घेण्याचें तें एक निमित्त आहे. शेवटीं सर्वांनीं माझ्याकडे पाहिलें. कारण माझा जन्म सरकारी दप्तर चाळण्यांत गेला. त्या वेळीं मला पुरतें उत्तर देतां आलें नाहीं. पुढें कायद्याचीं कलमें वाचून व हिशेब मांडून जें समजलें, तें आपल्या मासिकाच्या वाचकांपुढें ठेवीत आहें.

तहकुबी निराळी, माफी निराळी

आपल्या ओळखीच्या गोष्टीपासून आरंभ करूं. शेतसाऱ्याच्या कारभारांत दोन शब्द आहेत : तहकुबी आणि सूट. पीक बुडालें म्हणजे सरकार साऱ्याची वसुली पुढें ढकलतें, ती तहकुबी. तेंच देणें कायमचें सोडून दिलें तर ती सूट, म्हणजेच माफी. जुन्या मुंबई इलाख्यांत पिकाची आणेवारी चार आण्यांच्या आंत आली तर पुरा सारा तहकूब होई, आणि चार ते सहा आण्यांच्या दरम्यान आली तर निम्मा. सन १९१८ सालीं खेडा जिल्ह्यांत महात्मा गांधींनीं सत्याग्रह चालविला, तो याच आणेवारीच्या वादावरून. आतां आणेवारीच्या जागीं पैसेवारी आली आहे. परंतु तहकुबी निराळी आणि माफी निराळी, हा भेद पूर्वींसारखाच आहे.

मी नोकरींत असतांना, एका दुष्काळी वर्षानंतर, एक वृद्ध शेतकरी कचेरींत आले. त्यांच्या हातांत मागणीची नोटीस होती, आणि ती माझ्याच हातची लिहिलेली होती. ते म्हणाले, "भाऊसाहेब, सारा तर माफ झाला होता ना?" माफ झाला नव्हता, तहकूब झाला होता. गांवांत निरोप सांगतांना कोणीं तरी "माफ" हा शब्द वापरला, आणि त्यावर विसंबून त्यांनीं बाजूस काढून ठेवलेल्या पैशांचें बियाणें आणलें होतें. रक्कम फार नव्हती. पण त्या गृहस्थांचा उतरलेला चेहरा मी अद्याप विसरलों नाहीं. तेव्हांपासून या दोन शब्दांचा घोळ कोठें दिसला कीं मला स्वस्थ बसवत नाहीं. मुक्त क्षेत्रांविषयीं पारावर जो गैरसमज दिसला, तो बव्हंशीं याच घोळाचा आहे.

जकातीचा कारखानदारावर पडणारा भार

परदेशांतून येणाऱ्या मालावर बंदरांत, विमानतळावर किंवा सरहद्दीवर सरकार जो कर घेतें, त्यास पूर्वींपासून जकात म्हणतात. हल्लींच्या कायद्यांत त्यास सीमाशुल्क असें नांव आहे. शहरांच्या वेशीवरील जकात महाराष्ट्रांत आतां राहिली नाहीं. मुंबईचीं जकात नाकीं सन २०१७ सालीं वस्तु व सेवा कर सुरू झाल्यावर बंद झालीं. सरहद्दीवरील जकात मात्र कायम आहे. तिचे हेतु दोन : तिजोरींत भर घालणें, आणि बाहेरच्या स्वस्त मालापासून देशांतील उत्पादकास आडोसा देणें. आपला कापूस या आडोशाखालीं केव्हां असतो व केव्हां नसतो, तें पुढें पाहूं.

हा आडोसा योग्य असला तरी त्यांतून एक अडचण निघते. समजा, एक कारखानदार परदेशी सुटे भाग आणतो, येथील मजुरांकडून त्यांचें यंत्र जुळवून घेतो आणि तें यंत्र पुन्हां परदेशींच विकतो. तो माल येथील बाजारांत उतरतच नाहीं. मग त्यावर येथील जकात कां असावी? जकात भरून केलेलें यंत्र तितक्या रुपयांनीं महाग होतें आणि परक्या बाजारांत दुसऱ्या देशाच्या यंत्रापुढें मागें पडतें.

या अडचणीवर सरकारांनीं दोन उपाय काढले आहेत. पहिला उपाय म्हणजे जकात आधीं घ्यावयाची आणि माल परदेशीं गेल्याचा दाखला आणल्यावर परत द्यावयाची. यास जकातीचा परतावा म्हणतात. आपल्याकडे सन १९६२ च्या सीमाशुल्क कायद्याच्या ७५ व्या कलमांत त्याची तरतूद आहे. दुसरा उपाय म्हणजे माल एका बंदिस्त जागेंत ठेवूं द्यावयाचा, तेथेंच त्यावर काम करूं द्यावयाचें, आणि तो त्या जागेंतून देशांतील बाजारांत येईपर्यंत जकात मागावयाचीच नाहीं. मुक्त क्षेत्र हा दुसरा उपाय होय.

ज्यांनीं जुन्या जकात नाक्यांचा काळ पाहिला आहे, त्यांस हें सहज उमजेल. ज्या गाडींतील माल शहरांत उतरावयाचा नसून पुढच्या गांवीं जावयाचा असे, तिला शहराची जकात लागूं नये हें उघड होतें. त्यासाठीं एक तर नाक्यावर रक्कम भरून ती पलीकडच्या नाक्यावर परत घ्यावी लागे, नाहीं तर रहदारीचा पास घेऊन माल न उतरतां बाहेर पडावें लागे. परतावा म्हणजे पहिली रीत. क्षेत्र म्हणजे दुसरी. फरक इतकाच कीं, क्षेत्रांत गाडी थांबते, माल उतरतो, त्याचें रूप पालटतें, आणि मग तो पुढें जातो.

आपल्या देशांतील क्षेत्रें

असें पहिलें क्षेत्र आपल्या देशांत कच्छमधील कांडला बंदराजवळ सन १९६५ सालीं झालें. आशिया खंडांतीलहि तें पहिलें मानलें जातें. महाराष्ट्रांत सन १९७३ सालीं मुंबईस अंधेरी येथें सांताक्रूझ इलेक्ट्रॉनिक्स निर्यात प्रक्रिया क्षेत्र निघालें. लोक त्यास सीप्झ म्हणतात. आरंभीं तेथें विजेच्या सूक्ष्म उपकरणांचे कारखाने होते. पुढें हिरे व दागिने घडविणारेहि आले. सन २००० च्या एप्रिलमध्यें सरकारनें विशेष आर्थिक क्षेत्रांचें धोरण जाहीर केलें आणि त्याच वर्षीं कांडला व सांताक्रूझ यांस तें नवें रूप मिळालें. पुढें सन २००५ सालीं यासाठीं स्वतंत्र कायदा झाला व तो १० फेब्रुवारी २००६ पासून अंमलांत आला. नागपूरच्या मिहानमध्यें आणि न्हावा-शेवा बंदराजवळहि अशीं क्षेत्रें आहेत.

या कायद्याच्या ५३ व्या कलमांत सर्व मर्म आहे. त्याचा आशय असा कीं, परवानगी मिळालेल्या कामापुरतें हें क्षेत्र भारताच्या जकातीच्या सरहद्दीबाहेर आहे असें मानावें. अंधेरी नकाशावर मुंबईंतच आहे. तेथें पोलीस आपले, न्यायालयें आपलीं, कायदेहि आपलेच. फक्त जकातीच्या वहींत ती जागा जणूं समुद्रापलीकडची. म्हणून परदेशी माल बंदरांतून क्षेत्रांत जातो तेव्हां जकातीच्या हिशेबानें तो अद्याप देशांत आलेलाच नसतो. आणि आपल्याकडील माल क्षेत्रांत गेला तर कायदा त्यास निर्यात समजतो. ही दुसरी गोष्ट शेतकऱ्यांनीं विशेष ध्यानांत ठेवावी.

चार ओळींचा हिशेब

आतां लाभ किती व कोणास, हें आंकड्यांनीं पाहूं. आंकडे केवळ समजुतीसाठीं घेतले आहेत.

समजा, कारखानदारानें १०० रुपयांचे परदेशी भाग आणले. त्यांवर जकात शेंकडा १०, म्हणजे १० रुपये. मजुरी, वीज, येथील सामान व नफा मिळून आणखी १०० रुपये झाले, आणि यंत्राची किंमत २०० रुपये ठरली.

पहिला प्रकार : कारखाना क्षेत्राबाहेर आहे व यंत्र परदेशीं जातें. बंदरावर १० रुपये भरावे लागतात आणि निर्यातीनंतर परतावा मागावा लागतो. दरम्यानच्या काळांत ती रक्कम अडकून पडते व तिचें व्याज कारखानदाराच्या अंगावर बसतें. परतावा बहुधा सरासरीनें ठरविलेल्या दरानें मिळतो, म्हणून तो भरलेल्या रकमेशीं तंतोतंत जुळेलच असें नाहीं.

दुसरा प्रकार : कारखाना क्षेत्रांत आहे व यंत्र परदेशीं जातें. भाग आंत येतांना जकात मागितली जात नाहीं, ही तहकुबी. यंत्र परदेशीं गेलें कीं ती मागणी कायमची सुटते, ही माफी. रक्कम अडकत नाहीं आणि व्याजहि पडत नाहीं. शंभर कारखान्यांच्या वर्षभराच्या आयातीचा असा हिशेब मांडला म्हणजे केवळ व्याजाची बचत किती मोठी होते, हें सावकाराचें कर्ज काढलेल्या कोणत्याहि शेतकऱ्यास सांगावयास नको.

तिसरा प्रकार : कारखाना क्षेत्रांत आहे, पण यंत्र भारतांतच विकलें जातें. येथें तहकूब बाकी उभी राहते. सन २००५ च्या कायद्याचें ३० वें कलम सांगतें कीं, क्षेत्रांतून देशांत येणाऱ्या मालावर, तो माल परदेशांतून आला असता तर जी जकात पडली असती, ती द्यावी लागेल. म्हणजे जकात १०० रुपयांच्या भागांवर नव्हे, तर २०० रुपयांच्या तयार यंत्रावर. यंत्राचा दर शेंकडा १५ असेल तर ती ३० रुपये होईल. बाहेर राहून १० रुपयांत जें काम झालें असतें, त्यास आंत जाऊन ३० रुपये लागले. यावरून क्षेत्रांतून गुपचूप स्वस्त माल बाजारांत येतो, ही समजूत कायद्याशीं जुळत नाहीं. शिवाय क्षेत्रांतील कारखान्यानें पांच वर्षांच्या हिशेबांत जितकें परकीय चलन खर्चिलें त्याहून अधिक मिळविलें पाहिजे, असा नियम आहे.

चौथा प्रकार क्षेत्राचा नसून वखारीचा आहे. सीमाशुल्क कायद्याच्या ६५ व्या कलमाप्रमाणें कारखानदारास परवाना घेऊन आपल्याच कारखान्यास जकातीची वखार करतां येतें. याचे नवे नियम सन २०१९ सालीं झाले. येथेंहि परदेशी भाग आंत घेतांना जकात तहकूब राहते. यंत्र परदेशीं गेलें तर ती सुटते. आणि यंत्र येथेंच विकलें तर त्यांत गेलेल्या परदेशी भागांवरील १० रुपयेच भरावे लागतात, व तेहि व्याजाशिवाय. ज्या कारखानदाराचा कांहीं माल परदेशीं व कांहीं माल येथें खपतो, त्यास क्षेत्रापेक्षां वखारच सोयीची पडते. या चौथ्या प्रकाराची आठवण ठेवावी. जमिनीचा विचार करतांना तिचा उपयोग होईल.

अमेरिकेची रीत

अशा क्षेत्रांचा फार मोठा व्याप अमेरिकेंत आहे. तेथें त्यांस परदेशी व्यापार क्षेत्र म्हणतात. त्यांचा कायदा सन १९३४ सालीं, मंदीच्या काळांत, झाला. पहिलें क्षेत्र सन १९३७ सालीं न्यूयॉर्कच्या स्टेटन बेटावर निघालें. आरंभीं तेथें माल ठेवणें, निवडणें, पुन्हां बांधणें इतकेंच चाले. कारखानदारीस मुभा सन १९५० सालीं मिळाली.

आपल्या व त्यांच्या रीतींत एक मोठा भेद आहे. तेथील कारखानदार आपला तयार माल अमेरिकेंतच विकूं लागला, तर त्यांतील परदेशी भागांवर भागांच्या दरानें जकात द्यावयाची कीं तयार मालाच्या दरानें, याची निवड पुष्कळदां त्यास करतां येतें. वरच्याच उदाहरणांत भागांवर शेंकडा १० आणि तयार यंत्रावर शेंकडा ४ असा दर असेल, तर तो १०० रुपयांच्या भागांवर १० ऐवजीं ४ रुपये भरून मोकळा होतो. तेथील मजुरी व नफा यांवर जकात पडत नाहीं. येथें मात्र आपण म्हटलेली तहकुबी ही केवळ तहकुबी राहत नाहीं, देणेंच घटतें. मोटारी, तेल, यंत्रें यांच्या तेथील कारखान्यांनीं या निवडीचा मोठा लाभ घेतला. सन २०२५ सालीं तेथील सरकारनें अनेक देशांच्या मालावर नव्या जकाती बसविल्या, तेव्हां त्या जकातींपुरती ही वाट बंद केली : माल क्षेत्रांत शिरतांना जें त्याचें रूप असेल त्याच रूपाचा दर पुढें धरावा, असें ठरविलें. यावरून दिसेल कीं, क्षेत्राचा लाभ कुंपणांत नसून त्याच्या नियमांत आहे. आणि नियम सरकारला एका हुकुमानें बदलतां येतात.

कापसाच्या जकातीचें काय झालें

आतां पारावरच्या मूळ प्रश्नाकडे येऊं. परदेशी कापसावर पूर्वीं जकात नव्हती. सन २०२१ च्या अंदाजपत्रकांत ती बसविण्यांत आली आणि सर्व अधिभार धरून ती शेंकडा ११ झाली. म्हणजे १०० रुपयांची परदेशी रुई गिरणीस १११ रुपयांस पडूं लागली. हे ११ रुपये म्हणजे आपल्या कापसाचा आडोसा. सन २०२२ सालीं १४ एप्रिलपासून ऑक्टोबरअखेर ती उठविली गेली आणि नंतर पुन्हां लागू झाली. सन २०२५ सालीं १९ ऑगस्टपासून ती पुन्हां उठविली; मुदत आधीं ३० सप्टेंबरपर्यंत होती, ती वाढवून ३१ डिसेंबरपर्यंत नेली. कापडधंद्यास कच्चा माल मिळावा, असें कारण सांगितलें गेलें. आपला कापूस बाजारांत येण्याचे महिने नेमके हेच. त्या हंगामाचा हमीभाव मध्यम धाग्यास क्विंटलला ७,७१० व लांब धाग्यास ८,११० रुपये होता. जकात उठल्यावर व्यापाऱ्याचा भाव खालीं आला तर शेतकऱ्यास तेवढाच एक आधार उरतो.

मग सगळा देश मुक्त क्षेत्र झाला होता काय? नाहीं, आणि जें झालें तें एका अर्थानें त्याहून मोठें होतें. क्षेत्रांतील गिरणीस परदेशी कापूस जकातीशिवाय मिळतो, पण अट अशी कीं सूत वा कापड परदेशीं गेलें पाहिजे. देशांत विकलें तर जकात उभी राहते. क्षेत्राबाहेरील निर्यातदार गिरण्यांसहि आगाऊ परवान्यावर, निर्यातीच्या अटीनें, असाच कापूस आणतां येतो. या दोन्ही ठिकाणीं सवलत अटीची आहे. सन २०२५ च्या हुकुमांत अट नव्हती. त्या मुदतींत आलेल्या गांठीचें सूत येथील धोतरांत गेलें काय कीं परदेशच्या सदऱ्यांत गेलें काय, जकात सुटली ती सुटलीच. पहिली सवलत तहकुबीची आहे. दुसरी सरसकट माफीची.

अटीची सवलत आपल्यास मुळींच जाचत नाहीं, असें मी म्हणत नाहीं. परदेशीं जाणाऱ्या सुतासाठीं बाहेरचा कापूस आला तर आपल्या कापसाची तितकी मागणी घटते. परंतु ती अट पाळली गेली तर तो कापूस आपल्या घरच्या बाजारांत उतरत नाहीं, आणि निर्यातीचें तें काम गमावलें तर त्या गिरणींतील मजुरांचें कामहि जातें. म्हणून आपल्या संघांनीं सरकारकडे अर्ज करावयाचा तर कोणत्या सवलतीविरुद्ध, हें स्पष्ट लिहावें. "कापसावरील जकात उठवूं नये" असें मोघम लिहिलें म्हणजे उत्तर मोघमच येतें. "कापूस बाजारांत येण्याच्या महिन्यांत निर्यातीच्या अटीशिवाय सरसकट माफी देऊं नये" असें लिहिलें तर वाचणाऱ्यास विषय टाळतां येत नाहीं. माझ्या कारकुनीच्या अनुभवांत नेमक्या शब्दांच्या अर्जास मोघम उत्तर देणें नेहमींच कठीण गेलें.

जमिनीचा प्रश्न

पारावरची तिसरी शंका जमिनीची होती, आणि ती निराधार नव्हती. सन २००६ च्या नियमांप्रमाणें अनेक प्रकारच्या मालाच्या क्षेत्रास किमान १,००० हेक्टर जमीन लागे. रायगड जिल्ह्यांत उरण, पनवेल व पेण तालुक्यांतील गांवांत महामुंबई नांवाचें एक अवाढव्य क्षेत्र योजिलें होतें. शेतकऱ्यांनीं त्यास कडवा विरोध केला, प्रा. एन. डी. पाटील यांच्यासारखे ज्येष्ठ पुढारी त्यांच्या बाजूस उभे राहिले. पेण तालुक्यांतील २२ गांवें हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रांतील होतीं. तेथें सरकारनें २१ सप्टेंबर २००८ रोजीं शेतकऱ्यांचें जनमत घेतलें. तें क्षेत्र पुढें उभें राहिलें नाहीं. त्याआधींच, सन २००७ च्या एप्रिलमध्यें, केंद्र सरकारनें एका क्षेत्रास ५,००० हेक्टरांची कमाल मर्यादा घातली होती आणि खासगी क्षेत्रांसाठीं सक्तीनें जमीन संपादूं नये असेंहि ठरविलें होतें. पुढें किमान मर्यादा सन २०१३ सालीं निम्मी झाली आणि सन २०१९ सालीं ५० हेक्टरांवर आली.

या सर्व इतिहासांतून मला एक गोष्ट दिसते. जकात तहकूब ठेवण्यासाठीं हजार हेक्टर लागत नाहींत. त्यास लागतें एक कुंपण, एक दरवाजा, एक चोख वही आणि ती तपासणारा एक अधिकारी. वर सांगितलेला वखारीचा कारखाना एका छपराखालींहि चालतो, आणि त्याची जकात क्षेत्रांतल्यासारखीच तहकूब राहते. तेव्हां उद्यां कोणी आपल्या भागांत येऊन "जकातीच्या सवलतीसाठीं" शेंकडों एकर मागूं लागला, तर जकात हें त्याचें खरें कारण नव्हे असें समजावें. रस्ते, वीज, एकत्र कारखाने, वसाहत, अशीं दुसरीं कारणें असूं शकतील आणि तीं चांगलींहि असूं शकतील. क्षेत्राच्या जमिनीपैकीं मोठा भाग घरें, दुकानें व इतर सोयींसाठीं वापरण्याची मुभा नियमांतच आहे. तीं कारणें त्यानें उघड सांगावीं, आणि जमिनीची किंमत त्या उपयोगाच्या हिशेबानें ठरावी.

येथें नांवाच्या सारखेपणानें होणारा आणखी एक घोळ दूर करणें जरूर आहे. सन २००१ पासून सरकारनें देशांत कृषि निर्यात क्षेत्रें जाहीर केलीं. महाराष्ट्रांत द्राक्षें, आंबा, कांदा, डाळिंब यांचीं अशीं क्षेत्रें झालीं, आणि केळीच्या क्षेत्रांत जळगांव व धुळ्याबरोबर आपला नंदुरबार जिल्हाहि होता. त्यास कुंपण नव्हतें, आणि त्यासाठीं कोणाची जमीन घ्यावयाची नव्हती. एका पिकाच्या पट्ट्यांत लागवडीपासून जहाजापर्यंतच्या सोयी एकत्र कराव्या, असा तो बेत होता. तो जकातीचा सरहद्दीबाहेरचा मुलूख नव्हे. दोहोंच्या नांवांत "निर्यात" व "क्षेत्र" हे शब्द आले, म्हणून दोन्ही एक समजूं नयेत.

शेतकऱ्यानें काय करावें

प्रथम, जकातीच्या सवलतीची बातमी आली कीं दोन प्रश्न विचारावे : ही तहकुबी आहे कीं माफी, आणि तिला निर्यातीची अट आहे कीं नाहीं? या दोन प्रश्नांचीं उत्तरें मिळेपर्यंत घाबरून कापूस पडत्या भावानें देऊं नये. हमीभावाची खरेदी आपल्या बाजारांत कोठें व केव्हां सुरू होते, याची चौकशी आधीं करावी व तिची नोंदणी वेळेवर करून ठेवावी.

दुसरें, ज्या शेतकरी मंडळ्या मिरची, केळी, पपई यांवर प्रक्रिया करून माल विकतात, त्यांनीं एखाद्या क्षेत्रांतील कारखान्याशीं व्यवहार ठरवितांना हें लक्षांत ठेवावें कीं, तेथें दिलेला माल कायद्यानें निर्यात समजला जातो. वस्तु व सेवा कराच्या कायद्यांतहि तशा विक्रीस शून्य दराची विक्री मानलें आहे. तो लाभ आपोआप पदरांत पडत नाहीं. कागद पुरे असावे लागतात. जाणत्या हिशेबनिसाचा सल्ला माल पाठविण्यापूर्वीं घ्यावा, मागाहून नव्हे.

तिसरें, क्षेत्र येणार आहे असें सांगून कोणी इसारपावती लिहून मागूं लागला, तर तें क्षेत्र भारत सरकारच्या राजपत्रांत जाहीर झालें आहे काय, हें पाहावें. जाहीर झालें असेल तर गट क्रमांकांसह तें कागदावर असतें. नुसत्या तोंडच्या बोलण्यावर, किंवा रंगीत नकाशा पाहून, सही करूं नये. जो खरा घेणारा आहे तो चार आठवडे थांबतो. थांबूं न शकणाऱ्याच्या घाईचें कारण बहुधा त्याच्याच फायद्याचें असतें.

पारावर त्या संध्याकाळीं ज्या तरुणानें प्रश्न केला होता, त्यास मीं हा हिशेब कागदावर मांडून दाखविला. तो थोडा वेळ पाहत राहिला आणि म्हणाला, "म्हणजे नाना, गिरणीवाल्याची बाकी वहींत राहते, आमचा भाव मात्र त्याच दिवशीं पडतो." त्याच्या बोलण्यास मजजवळ खोडून काढण्याजोगें उत्तर नव्हतें, आणि आजहि नाहीं. परंतु वहींत काय लिहिलें आहे हें ज्यास वाचतां येतें, त्यास निदान कोणत्या ओळीवर बोट ठेवून बोलावयाचें तें कळतें. कचेरींत नोटीस घेऊन आलेल्या त्या वृद्ध गृहस्थांस ती ओळ वेळेवर कोणीं वाचून दाखविली नव्हती. आपल्या वाचकांपैकीं कोणावर तसा प्रसंग येऊं नये, एवढ्यासाठींच हा लेख.